लिली बेल: वॉल्ट डिस्नीच्या अंगणातली आगगाडी

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कच्या एका कोपऱ्यात लाल रंगाचे एक लाकडी कोठार उभे आहे. मध्यपश्चिमेकडील शेतांवर असते तसे, उतरत्या छपराचे. महिन्यातून एका रविवारी ते लोकांसाठी उघडतात आणि आत जायला पैसे पडत नाहीत. मुलाबाळांना घेऊन डिस्नीलँडची वारी करून आलेली मराठी कुटुंबे या देशात घरोघर सापडतील. पण तेथून तासाभराच्या अंतरावर असलेले हे कोठार पाहिलेले कुटुंब मला अजून भेटलेले नाही. डिस्नीलँड ज्या माणसाच्या नावाने चालते, त्या माणसाची ही कार्यशाळा. एके काळी ती त्याच्या घराच्या आवारात होती. आयुष्याच्या पन्नाशीला टेकलेला, जगभर नाव झालेला हा गृहस्थ संध्याकाळी येथे येऊन लाकूड तासत बसे, पत्रा कापत असे आणि आगगाडीच्या डब्यात बसवायच्या वीतभरही नसलेल्या शेगडीची दारे घासत असे.

वॉल्ट डिस्नीची चरित्रे पुष्कळ आहेत आणि बहुतेकांचा भर मिकी माऊसवर असतो. मला मात्र त्याच्या आयुष्यातली 1948 ते 1953 ही पाच वर्षे अधिक बोलकी वाटत आली आहेत. त्या काळात त्याने एक वाफेचे इंजिन बांधले, खरोखर कोळशावर चालणारे, मूळ इंजिनाच्या एक-अष्टमांश मापाचे. त्याचे नाव लिली बेल. पुढे जे काही झाले त्यातले बरेचसे या इंजिनाच्या मागोमाग आले.

वॉल्टचा जन्म 5 डिसेंबर 1901 रोजी शिकागोत झाला. वडील एलायस हे कष्टाळू, कडक आणि धंद्यात सतत अपयशी गृहस्थ. सुतारकाम मात्र हातात पक्के बसलेले. 1906 मध्ये त्यांनी कुटुंब उचलून मिसूरी राज्यातल्या मार्सलीन या गावी शेतीवर नेले. हे गावच मुळी रेल्वेचे अपत्य. सांता फे रेल्वेने 1888 मध्ये शिकागो आणि कॅन्सस सिटी यांच्यामधले आपले ठाणे म्हणून ते वसवले होते. आपल्याकडे भुसावळ किंवा मनमाड जसे इंजिनांच्या शिट्ट्यांवर जागे होते, तसेच मार्सलीन. वॉल्टचे एक नातलग, माइक मार्टिन, याच मार्गावर इंजिनचालक होते. ते गावात मुक्कामाला आले की पोरांसाठी गोळ्यांची पुडी आणि गप्पांचे गाठोडे घेऊन येत. लहान मुलाच्या दृष्टीने त्या काळी इंजिनचालकाहून मोठा माणूस नव्हता. रुळाला कान लावून गाडी किती लांब आहे हे ओळखण्याचा खेळ वॉल्ट तेथेच शिकला.

मार्सलीनचे दिवस चार-पाच वर्षांतच संपले. शेती बुडाली, वडील आजारी पडले आणि कुटुंब कॅन्सस सिटीला आले. तेथे एलायसने वर्तमानपत्रांच्या वाटपाचा ठेका घेतला आणि रॉय व वॉल्ट या दोन मुलांना त्याला जुंपले. पहाटे साडेतीनला उठून, गुडघाभर बर्फातून पेपर टाकायचे आणि मग शाळा. सहा वर्षे हे चालले. वॉल्टला त्या वाटपाची स्वप्ने प्रौढपणीही पडत. 1917 च्या उन्हाळ्यात, पंधरा वर्षांचा असताना, त्याने रेल्वेत फेरीवाल्याचे काम धरले: चालत्या गाडीत वर्तमानपत्रे, फळे, गोळ्या आणि सोड्याच्या बाटल्या विकायचे. धंदा म्हणून ते काम आतबट्ट्याचेच ठरले. फळे नासली, रिकाम्या बाटल्या चोरीला गेल्या. पण तंबाखूची लाच देऊन इंजिनावर चढून बसण्याची संधी मात्र त्याला मिळे, आणि त्याच्या हिशेबात उन्हाळा वसूल झाला.

यानंतरचा भाग सर्वांना ठाऊक असल्याने तो भरभर सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी रेडक्रॉसच्या गाड्यांवर फ्रान्समध्ये वर्षभर, मग कॅन्सस सिटीत जाहिरातीची चित्रे, मग स्वतःची कंपनी आणि 1923 मध्ये तिचे दिवाळे. त्या उन्हाळ्यात खिशात चाळीस डॉलर असताना त्याने हॉलिवूडचे तिकीट काढले, आणि तेही पहिल्या वर्गाचे! हौसेला मोल नसते हे त्याला तेव्हाही कळत होते. 1925 मध्ये स्टुडिओतच काम करणाऱ्या लिलियन बाउंड्सशी त्याने लग्न केले. 1928 मध्ये ओस्वाल्ड नावाच्या सशाचे पात्र वितरकाने करारातील कलमावर बोट ठेवून काढून घेतले. न्यूयॉर्कहून हात हलवीत परतताना, असे म्हणतात की आगगाडीतच, मिकी माऊसची कल्पना सुचली. ही कथा वॉल्टने पुढे इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारे सांगितली की तिच्यातला इतिहास किती आणि रंग किती हे वेगळे करणे अवघड आहे. त्याच वर्षीच्या 18 नोव्हेंबरला मिकीचा बोलपट न्यूयॉर्कमध्ये झळकला. 1937 च्या डिसेंबरात स्नो व्हाइट आला, आणि त्या पैशातून बरबँक येथे नवा, वातानुकूलित, आखीव स्टुडिओ उभा राहिला.

दुःखाचे दिवस नेमके या वैभवातून सुरू झाले. मुलांनी कौतुकाने आईवडिलांसाठी घर घेतले होते. 1938 च्या नोव्हेंबरात त्या घरातल्या भट्टीच्या बिघाडाने विषारी वायू पसरला आणि आई गेली. या विषयावर वॉल्ट पुढे जवळपास बोललाच नाही. महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद केली, पिनोकिओ आणि फँटेसिया हे खर्चिक चित्रपट तोट्यात गेले आणि कर्ज वाढत राहिले. 1941 च्या मे महिन्यात त्याचे चित्रकार संपावर गेले. मागण्या वाजवी होत्या. पगारात मनमानी होती, पडद्यावर नावे येत नव्हती, नव्या इमारतीत हुद्द्यांनुसार भिंती उभ्या राहिल्या होत्या. वॉल्टला मात्र हा संप म्हणजे घरच्या माणसांनी केलेला दगा वाटला. आपण बापासारखे वागतो असे मानणाऱ्या मालकाला हिशेब मागितलेला सहन होत नाही. हे आपल्याकडच्या कारखानदारांनीही अनेकदा दाखवून दिले आहे. तडजोड झाली, संप मिटला, पण तो कडवटपणा गेला नाही. 1947 मध्ये वॉशिंग्टनला संसदीय समितीपुढे साक्ष देताना त्याने जुन्या संपवाल्यांपैकी काहींची नावे कम्युनिस्ट म्हणून घेतली. त्याच्या चरित्रातले हे पान झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तर 1947 सालचा वॉल्ट असा होता: कर्जात असलेल्या कंपनीचा प्रमुख, पोलो खेळताना झालेल्या जुन्या दुखापतीने मान आखडलेली, सतत सिगारेट. दिवसभर दुसऱ्यांची चित्रे पाहून होय-नाही सांगणे एवढेच काम उरलेले. स्वतःच्या हाताने चित्र काढणे त्याने वीस वर्षांपूर्वीच सोडले होते. आपल्यापैकी जे प्रोग्रॅम लिहिता लिहिता एक दिवस माणसे आणि अंदाजपत्रके सांभाळू लागले, त्यांना ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. डॉक्टरांनी त्याला काहीतरी छंद धरायला सांगितले. त्या डिसेंबरात त्याने स्वतःसाठी विजेवर चालणारी एक खेळण्यातली आगगाडी विकत घेतली आणि कचेरीशेजारच्या खोलीत तिचे रूळ मांडले.

स्टुडिओत रेल्वेवेडे आणखी दोघे होते. वॉर्ड किंबॉल हा पहिला. या चित्रकाराने सॅन गॅब्रिएल येथील आपल्या आवारात चक्क पूर्ण आकाराचे, तीन फुटी गेजचे जुने इंजिन आणून चालू केले होते. दुसरा ऑली जॉन्स्टन. तो आपल्या घरामागे एक-द्वादशांश मापाचे वाफेचे इंजिन बांधत होता. वॉल्टने ऑलीचे अर्धवट इंजिन जाऊन पाहिले आणि विजेची गाडी त्याच्या मनातून उतरली. बटण दाबले की पळणारी वस्तू आणि पाणी तापवून, आग सांभाळून चालवावी लागणारी वस्तू यांत काय अंतर आहे हे एकदा कळले की माणूस मागे फिरत नाही. 1948 च्या उन्हाळ्यात वॉल्ट आणि किंबॉल शिकागोच्या रेल्वे प्रदर्शनाला गेले. शिकागोतून पहिली गाडी सुटल्याला शंभर वर्षे होत होती. देशातल्या बड्या रेल्वे कंपन्यांनी तेथे जुनी इंजिने आणून चालवली होती. आयोजकांनी या दोघांना इंजिनांवर चढू दिले, वाफेचा दांडा हाती दिला. परतीच्या वाटेवर त्यांनी हेन्री फोर्डने डिअरबॉर्नला वसवलेले जुन्या घरांचे आणि कार्यशाळांचे ग्रीनफील्ड गाव पाहिले. घरी येताच ऑगस्टअखेर वॉल्टने एक टिपण लिहून काढले: स्टुडिओसमोरच्या जागेत एक लहानसा बगीचा, गावाचा चौक, रेल्वे स्थानक. पुढचे सगळे बीजरूपाने त्यात आहे.

पण आधी इंजिन. वॉल्टने प्रारूप निवडले ते सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे 173 क्रमांकाचे इंजिन. पुढे चार लहान चाके, मागे चार मोठी चालती चाके, फुगीर धुराडे, रुळांवरची जनावरे बाजूला सारणारी पुढची जाळी. जुन्या पाश्चिमात्य चित्रपटांत दिसते ते अस्सल अमेरिकन इंजिन. सेंट्रल पॅसिफिक म्हणजे तीच कंपनी, जिने हजारो चिनी मजुरांच्या कष्टांवर सिएरा पर्वत फोडून रूळ पूर्वेकडे नेले आणि 10 मे 1869 रोजी युटामध्ये ते युनियन पॅसिफिकच्या रुळांना जोडले. जुने आराखडे मिळवून स्टुडिओतल्या एडी सार्जंट या आरेखकाने ते एक-अष्टमांश मापाने नव्याने काढले. फुटाला दीड इंच हे त्याचे प्रमाण. रुळांमधले अंतर सव्वासात इंच.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून या खटाटोपाची अवघडता ध्यानात येत नाही. आराखड्यावरचे प्रत्येक माप आठाने भागले की लहान इंजिन तयार होते असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. लांबी आठव्या हिश्शावर आली की पृष्ठभाग चौसष्टाव्या हिश्शावर येतो आणि घनफळ पाचशे बाराव्या हिश्शावर. म्हणजे पाणी फार थोडे उरते आणि त्या मानाने उष्णता बाहेर सोडणारा पत्रा पुष्कळ. लहान बॉयलर तापतो लवकर आणि थंडही लवकर होतो. आग, कोळसा आणि वाफ यांना कोणी आठाने भागू शकत नाही. मूळ बॉयलरमध्ये असतात तितक्या नळ्या छोट्यात भरल्या तर त्या सुईसारख्या बारीक होतील आणि काजळीने तुंबतील. म्हणून नळ्या कमी आणि प्रमाणापेक्षा जाड ठेवाव्या लागतात. कोळसा निवडून, फोडून बारीक करावा लागतो. दट्ट्या आणि सिलिंडर यांमधली फट मात्र मूळ इंजिनापेक्षाही काटेकोर हवी, नाहीतर वाफ तेथूनच निसटते. बाहेरून हुबेहूब आणि आतून वेगळे, असा हा प्रकार असतो. वरचे रूप राखायचे आणि पोटातले गणित नव्याने मांडायचे.

हे गणित ज्याच्या हाती होते तो रॉजर ब्रॉगी, स्टुडिओच्या यंत्रशाळेचा प्रमुख. कॅमेऱ्यांचे आणि यंत्रांचे काम पाहणारा, मितभाषी, काटेकोर माणूस. लाकडाचे साचे करायचे, त्यांवरून वाळूत ओतकाम, मग लेथवर चाके आणि धुरे कातायचे, सिलिंडर पोखरायचे, झडपांची वेळ जुळवायची. बॉयलर आणि जड यांत्रिक काम ब्रॉगी आणि त्याच्या कारागिरांनी केले, हे स्पष्ट सांगायला हवे. लिली बेल एकट्या वॉल्टने बांधली अशी दंतकथा आहे, ती खरी नाही. वॉल्टने ब्रॉगीकडून यंत्रशाळेत एक टेबल मागून घेतले आणि सर्वांत नवा उमेदवार म्हणून तो तेथे उभा राहिला. सुतारकाम त्याला वडिलांमुळे येत होते. धातूचे काम तो चाळिशी उलटल्यावर शिकला. दिव्याचा पत्रा, धुराड्याचा पत्रा, झेंड्यांच्या काठ्या अशी कामे त्याने हाताने केली. संध्याकाळी स्टुडिओ रिकामा झाला की हा त्या टेबलाशी. येथे त्याला कोणी विचारून होय म्हणत नव्हते. कातलेला तुकडा मापात बसला नाही तर तो मालकाचा असला तरी भंगारात जाई. माझ्या मते त्याला नेमकी याचीच भूक होती.

गार्डाचा डबा मात्र पूर्णपणे वॉल्टचा. हा डबा पाहिलेले लोक त्याबद्दल बोलताना थांबत नाहीत. बाहेरच्या फळ्या, छपरावरची गार्डाची खिडकी, आत झोपायचे बाक, मेज, कंदील आणि एक पोटफुगी लोखंडी शेगडी, सगळे एक-अष्टमांश. आत कोणी बसणार नव्हते. छपराला डोळा लावून वाकून पाहिल्याशिवाय ते दिसणारही नव्हते. पंढरपूरच्या वारीत चालणारा माणूस कोणी पाहो न पाहो पाऊल टाकतो, तसे काहीसे हे. त्या शेगडीवर तर तो इतका भाळला की तशा कितीतरी शेगड्या त्याने केल्या, प्रत्येकीची नक्षी आणि रंग निराळे. मित्रांना वाटल्या, काही न्यूयॉर्कच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात विकायलाही ठेवल्या.

24 डिसेंबर 1949 रोजी स्टुडिओच्या चित्रीकरणगृहात तात्पुरते रूळ टाकून इंजिनाला पहिल्यांदा वाफ दिली गेली आणि ते चालले.

दरम्यान वॉल्ट आणि लिलियन होमबी हिल्स भागात कॅरोलवुड ड्राइव्हवर नवे घर बांधत होते. लिलियनला घर हवे होते, वॉल्टला रूळ टाकण्याजोगी जमीन. तिला या वेडाची फारशी हौस नव्हती आणि तिने ते लपवलेही नाही. मग वॉल्टने स्टुडिओच्या वकिलाकडून एक रीतसर करारपत्र तयार करवून घेतले: घराच्या आवारातून रेल्वेमार्ग नेण्याचा हक्क आपल्याला राहील. त्यावर पत्नीच्या आणि डायान व शॅरन या मुलींच्या सह्या घेतल्या. विनोद म्हणून केलेला हा कागद, पण विनोदातही त्याने आपला मुद्दा सोडला नव्हता. इंजिनाचे नाव लिली बेल ठेवण्यात लाड किती आणि राजकारण किती, हे नवराबायकोंनी ओळखावे.

मार्गाला नाव दिले कॅरोलवुड पॅसिफिक. सारी लांबी 2615 फूट. अकरा सांधे, उतार-चढ, एकावरून एक जाणारे रूळ आणि 46 फूट लांबीचा लाकडी पूल. शेजाऱ्यांना गाडीचा त्रास नको म्हणून मातीचा बांध घातला. लिलियनच्या फुलांच्या वाफ्यांना धक्का लावायचा नाही, असे ठरले होते. तेव्हा वाफ्याखालून 90 फुटांचा बोगदा खणला. सरळ खणला असता तर स्वस्त पडला असता, पण वॉल्टला तो नागमोडी हवा होता. आत शिरणाऱ्याला पलीकडचा उजेड दिसू नये, क्षणभर पूर्ण अंधार व्हावा. काम करणाऱ्याने खर्चाची आठवण दिली तेव्हा मुळीच न खणणे याहूनही स्वस्त आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले, असे सांगतात. अंधारातून गेल्याशिवाय बोगद्याची गंमत नाही, हे खंडाळ्याचा घाट लहानपणी रेल्वेने उतरलेल्या कोणालाही पटेल.

आवारातच लाल कोठार उभे राहिले, मार्सलीनच्या शेतावरच्या कोठाराच्या आठवणीवरून. सांधे बदलण्याची विजेची यंत्रणा तेथे होती, आणि तेथेच वॉल्टची हत्यारे. 7 मे 1950 रोजी लिली बेल घरच्या रुळांवर पहिल्यांदा धावली. टेंडरवर मांडी ठोकून वॉल्ट चालक, मागच्या मालडब्यांवर पाहुणे. रविवारी लोक येऊ लागले. शेजारी, नट, स्टुडिओची माणसे, आणि त्यांची मुले. आधी भट्टी पेटवायची, काचेच्या नळीतली पाण्याची पातळी पाहायची, जागोजागी तेल घालायचे, दाब चढण्याची वाट पाहायची. पाणी भट्टीच्या माथ्याखाली उतरले तर बॉयलर फुटू शकतो, मग तो एक-अष्टमांश असो वा पूर्ण. खेळणे म्हणावे तर त्याच्या पोटात खरी आग होती.

आणि याच जागी 1953 च्या वसंतात अपघात झाला. त्या दिवशी इंजिन एका पाहुण्याच्या हाती होते. वळणावर त्याने वेग आवरला नाही. इंजिन रूळ सोडून कलंडले, शिट्टी तुटली आणि तेथून वाफेचा झोत उसळला. पाच वर्षांची एक मुलगी जवळ धावली आणि तिचे पाय भाजले. इजा गंभीर नव्हती, ती बरी झाली. वॉल्टने मात्र त्यानंतर घरचा मार्ग बंद केला आणि लिली बेल आवरून ठेवली. पाहुण्याला इंजिन देऊ नये एवढा नियम करूनही भागले असते. त्याने तसे केले नाही. संपाच्या वेळी दोष सतत बाहेर शोधणारा हा माणूस या प्रसंगी कोणाकडे बोट दाखवताना दिसत नाही. दुरुस्त झालेली, सहज पुन्हा चालू शकणारी गाडी त्याने थांबवली. त्याच्या स्वभावाविषयी जे काही बरे म्हणायचे, ते मी या निर्णयापासून सुरू करीन.

पाच वर्षांची हौस संपली, पण तिने त्याला दुसरीकडे आणून सोडले होते. कोठारात तो लहान मापाची घरे आणि सामान करू लागला होता. आपल्याच एका चित्रपटातली आजीची झोपडी त्याने लघुरूपात बांधली आणि 1952 अखेर लॉस एंजेलिसच्या एका प्रदर्शनात मांडली. अशा देखाव्यांची एक गाडी भरून गावोगाव फिरवावी, असा त्याचा बेत होता. हिशेब केल्यावर दिसले की एका वेळी दोन-चार माणसेच वाकून पाहू शकतात. खर्च निघणार नाही. तेव्हा त्याने प्रश्न उलटा केला. माणसांनी वाकून पाहायचे देखावे करण्याऐवजी माणसांना आत घेणारा देखावा का करू नये?

अनाहाइमची 160 एकर संत्र्यांची बाग, बँकांची नाखुशी, भावाची चिंता, आयुर्विम्यावर काढलेले कर्ज, विकलेले सुटीतले घर, एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीशी केलेला करार आणि अखेर सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलरांचा खर्च, हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. आपल्या विषयापुरते एवढेच की आराखड्यात पहिल्यापासून बागेभोवती मातीचा उंच बांध होता आणि त्या बांधावर रूळ. कॅरोलवुडलाही बांध होताच. तेथे तो गाडी शेजाऱ्यांपासून झाकत होता, येथे तो बाहेरचे जग आतल्या लोकांपासून झाकणार होता. इंजिन कोणते हा प्रश्नच नव्हता. ब्रॉगीने लिली बेलचे आराखडे पुन्हा टेबलावर घेतले आणि या खेपेला भागाकाराऐवजी गुणाकार केला. तीन फुटी गेजवर धावणारे पहिल्या क्रमांकाचे इंजिन, सी. के. हॉलिडे, असे जन्मले. त्याचे नाव सांता फे रेल्वेच्या संस्थापकावरून. ही रेल्वे मूळ कंपनीच्या मालकीची नव्हती. ती वॉल्टने आपल्या खासगी कंपनीकडे ठेवली होती. चित्रपट, बाग, मिकी यांत भागधारक होते. आगगाडीत त्याला कोणी भागीदार नको होता.

17 जुलै 1955 रोजी डिस्नीलँड उघडले. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर आणि सांता फे रेल्वेचे अध्यक्ष यांना घेऊन वॉल्ट इंजिनावर उभा राहून मुख्य स्थानकात आला. त्या दिवशी बागेत बराच गोंधळ झाला, खाणे संपले, डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा रुतल्या. पण गाडी चालली. योगायोग पाहा, पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी धावू लागली, आणि आमच्या पिढीतल्या पुणेकरांना छोट्या रुळांचे वेड लावायला तीच कारण झाली. आज कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहताना जाणवते की हे वेड काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. फक्त आपल्याकडे अंगण लहान असते.

वॉल्ट डिस्नीचा मृत्यू 15 डिसेंबर 1966 रोजी फुप्फुसांच्या कर्करोगाने झाला. रुग्णालय स्टुडिओच्या समोरच होते. लिलियन त्यानंतर एकतीस वर्षे जगली आणि कॅरोलवुडच्याच घरात राहिली. 1997 च्या डिसेंबरात तीही गेल्यावर घर विकले गेले, पण मुलगी डायान हिने कोठार वाचवले. 1999 मध्ये ते ग्रिफिथ पार्कात, लॉस एंजेलिसच्या हौशी वाफेवाल्यांच्या मंडळाच्या आवारात नेऊन उभारले. वॉल्ट स्वतः या मंडळाच्या पहिल्या सभासदांपैकी होता. लिली बेल आणि तिचा गार्डाचा डबा आता सॅन फ्रान्सिस्कोत, प्रेसिडिओमधल्या कुटुंबाच्या संग्रहालयात काचेआड आहेत. कोठाराच्या दाराशी उभे राहिले की मंडळाच्या सभासदांनी घरी बांधलेली इंजिने, मागे मुलांच्या रांगा घेऊन, समोरून धूर सोडत जाताना दिसतात. त्यांचे रूळ साडेसात इंच गेजचे आहेत. लिली बेलचे गेज सव्वासात. आणली तरी ती या रुळांवर चालणार नाही.